परभणीच्या उन्हात ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर, मेमरी किंवा ग्राफिक्स कार्ड कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवणे. हे शक्य होते ते कारखान्याच्या सावधपणामुळे. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या शेकडो चिप सारख्या निघत नाहीत. काही कमी व्होल्टेजवरही वेगाने धावतात, काही लवकर अडखळतात. कंपनी त्यांची प्रतवारी करते आणि प्रत्येक प्रतीला असा वेग देते की गरम खोलीत, साध्या पंख्याखाली, कमीजास्त विजेवर, अनेक वर्षे चालूनही चिप चुकू नये. हा जाहीर वेग आणि चिपला प्रत्यक्ष झेपणारा वेग यांच्यामध्ये उरलेले अंतर राखीव असते. ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास हा या राखीव भागावर हक्क कोणाचा, याचा इतिहास आहे. आधी तो कंपनीने स्वतःकडे ठेवला, मग हौशी लोकांनी काढून घेतला, आणि अलीकडे चिप स्वतःच तो वापरून टाकते. परभणीसारख्या जिल्ह्यात त्यावर आणखी दोन वाटेकरी पहिल्यापासून आहेत: ऊन आणि वीज.

गणित अवघड नाही. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के वाढवला आणि चिप स्थिर राहावी म्हणून व्होल्टेज १० टक्के चढवले, तर वीज सुमारे ४५ टक्के जास्त लागते. म्हणजे ६५ वॅटचा प्रोसेसर ९४ वॅटवर जातो. दर वॅटमागे ०.४ अंश चढू देणारा बऱ्यापैकी हीटसिंक असेल, तर ही चिप भोवतालच्या हवेपेक्षा ३८ अंशांनी गरम राहते. जानेवारीतल्या २० अंशांच्या खोलीत ती ५८ अंशांवर असेल आणि मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर. कॅबिनेटमधली हवा खोलीतल्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून वर जातो. शिवाय गरम सिलिकॉनमधून वीज अधिक गळते आणि ती गळतीही उष्णतेतच भर घालते.

कंपन्यांनी हे गृहीत धरलेले असते, पण त्यांची कल्पनेतली खोली वेगळी असते. २००३ च्या सुमारास इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत खोलीचे तापमान ३५ अंश आणि प्रोसेसरच्या पंख्यापर्यंत पोहोचणारी हवा ३८ अंश धरली होती. त्या काळातल्या कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर दिसणारे गोल हवानळ याच हिशेबातून आले. परभणीत एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, वाईट दिवसांत ४४-४५ अंशांना भिडतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा दुपारभर तापलेल्या स्लॅबच्या खोलीत रात्री नऊ वाजतादेखील ३५ अंशांखाली हवा मिळत नाही. म्हणजे कंपनीने जी परिस्थिती टोकाची मानली, ती इथे नेहमीची. उलट डिसेंबर-जानेवारीत हेच परभणी मराठवाड्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांमध्ये मोडते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पहाटेचे तापमान दहा अंशांखाली उतरल्याच्या नोंदी दर हिवाळ्यात असतात. एकाच गावात, एकाच यंत्राला, वर्षभरात इतका फरक सोसावा लागतो.

वेग वाढवण्याची युक्ती घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेला आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत होता. १९८४ चा आयबीएम पीसी-एटी ६ मेगाहर्ट्झचा होता, आणि त्याच्या मदरबोर्डवर क्वार्ट्झचा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक खोबणीत बसवलेला असे. तो उपटून १६ मेगाहर्ट्झचा लावला की प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झवर चाले. काही डॉलरच्या तुकड्यात वेग एकतृतीयांशाने वाढे, आणि बहुतेक यंत्रे हे विनातक्रार सहन करत. आयबीएमने नोव्हेंबर १९८५ च्या रॉममध्ये वेग तपासणारी ओळ घातली आणि ठरल्यापेक्षा वेगवान यंत्र सुरूच होऊ दिले नाही. उत्पादक आणि वापरणारा यांच्यातली ही पहिली जाहीर झटापट. पुढच्या चाळीस वर्षांत तिची अनेकदा उजळणी झाली.

भारतात त्या वेळी संगणक ही घरात ठेवायची वस्तू नव्हतीच. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली, शुल्क उतरवले, आणि सुट्या भागांतून यंत्रे जुळवणारा उद्योग उभा राहू लागला. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत संगणक आधी सरकारी वाटेने आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस निकनेट या उपग्रहजाळ्याने देशातली जिल्हा मुख्यालये जोडली. कचेरीतले यंत्र धूळ, ऊन आणि विजेचे झटके यांपासून जपायचे असते. त्यामुळे ते वातानुकूलित खोलीत, पडद्याआड, चपला बाहेर काढून आत जायच्या जागी असे. अशा यंत्राचा वेग वाढवून पाहण्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

घरगुती यंत्राला वाट मिळाली ती १९९० च्या दशकात, आणि त्यात रेल्वेचा वाटा दुर्लक्षित राहिला आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सिकंदराबाद ते मनमाड ही निजामकाळात टाकलेली मीटरगेज लाइन हीच जिल्ह्याची मुख्य नाळ. मुंबईकडून येणारा माल आणि माणूस दोघांनाही मनमाडला गाडी बदलावी लागे. १९९० च्या दशकापासून ही लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज होत गेली आणि परभणी, सेलू, मानवत रोड, पूर्णा ही स्टेशने मुंबई आणि सिकंदराबाद या दोन्ही टोकांना थेट गाड्यांनी जोडली गेली. दोन्ही टोकांना संगणकाच्या सुट्या भागांचे बाजार होते: मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि सिकंदराबादेत पार्क लेनवरचे चिनॉय ट्रेड सेंटर. मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर या पिशवीत मावणाऱ्या वस्तू आहेत. जिल्ह्याच्या गावात बसून यंत्र जुळवायला यापेक्षा जास्त काही लागत नव्हते. कॅबिनेट आणि मॉनिटर नांदेड किंवा औरंगाबादहून येऊ शके. भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि २००५ पर्यंत बहुतेक भागांवरचे आयातशुल्क शून्यावर आले, त्यामुळे ‘असेंबल्ड’ यंत्र आणि कंपनीचे यंत्र यांच्या किमतीतले अंतर फार काळ डोळ्यांत भरणारे राहिले.

असेंबल्ड यंत्राच्या मदरबोर्डवर जंपर असत. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या यंत्राशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग गुणिले गुणक. दोन्ही आकडे या चिमुकल्या प्लास्टिकच्या टोप्या हलवून बदलता येत. १९९२ मध्ये आलेल्या ४८६ डीएक्स-टू ६६ मध्ये बस ३३ मेगाहर्ट्झची आणि गुणक दोनचा होता. जो माणूस यंत्र जुळवत होता, त्याला हे जंपर लावावेच लागत, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची हत्यारे त्याच्या हातात न मागता आली होती. याच सोयीचा गैरवापरही झाला. मंद चिपवरचा छाप घासून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापायचा आणि ती महाग विकायची, हा धंदा जगभरच्या असेंबल्ड बाजारांत बोकाळला. ग्राहकाच्या नकळत त्याला ओव्हरक्लॉक केलेले यंत्र मिळे, आणि ते उन्हाळ्यात का अडकते हे त्याला कळत नसे. ‘रीमार्क’ केलेल्या चिपांवर उपाय म्हणून इंटेलने १९९७-९८ पासून गुणक चिपमध्येच कुलूपबंद केला. फसवणूक थांबवण्यासाठी घातलेले हे कुलूप हौशी लोकांनाही अडवू लागले. कंपनीला यात दुहेरी फायदा होता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

गुणक अडला तरी बस मोकळी होती, आणि तिथेच या छंदाचा सर्वांत प्रसिद्ध अध्याय घडला. २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने सेलेरॉन ३००ए बाजारात आणला. ही स्वस्तातली चिप. बस ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण तिच्या १२८ किलोबाइटच्या कॅशचा वेग प्रोसेसरइतकाच होता, जो महागड्या पेंटियम टूमध्येही निम्माच होता. बस १०० वर नेली की चिप ४५० मेगाहर्ट्झवर जाई, आणि बहुतेक चिपा हे नेहमीच्या दोन व्होल्टवरच सोसत. स्वस्त चिप त्या वेळच्या सर्वांत महाग चिपच्या पंगतीला बसली.

या उदाहरणात सुरक्षिततेचा एक धडा आहे, जो आजही अनेकजण उलटा लावतात. ३०० वरून ४५० ही उडी मोठी, ३७५ ही मधली, म्हणून ३७५ जास्त सुरक्षित, असे वाटते. तसे नव्हते. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटमध्ये पीसीआय आणि एजीपी या जोडकार्डांच्या वाटांचे वेग बसवरून भागाकाराने ठरत. बस १०० असली की पीसीआयला तिसरा हिस्सा, म्हणजे नेमके ३३ मेगाहर्ट्झ मिळत आणि एजीपीला ६६. बस ८३ वर ठेवली तर पीसीआय ४१ च्या पुढे जाई, आणि पीसीआयवर हार्ड डिस्कचा कंट्रोलर होता. यंत्र चाले, खेळही चाले, आणि डिस्कवरच्या फाइली मात्र हळूहळू खराब होत. मधला आकडा धोक्याचा, टोकाचा आकडा निर्धोक. प्रोसेसर काय सहन करतो यापेक्षा त्याच्या वेगाला आणखी काय काय बांधलेले आहे, हे पाहावे लागते.

अबिट या तैवानी कंपनीने १९९६ पासून जंपरऐवजी बायोसमधून, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमधून, वेग ठरवण्याची सोय दिली होती आणि तिचा बीएच-सिक्स हा बोर्ड सेलेरॉनचा जोडीदार ठरला. ज्यांचा बोर्ड अशी सोय देत नसे ते चिपच्या बी-२१ या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून बस बदलत. दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉन चिपांवर पेन्सिलची पाळी आली. चिपच्या पृष्ठभागावर एल-वन नावाचे सूक्ष्म पूल कारखान्यात तोडलेले असत. शिशाच्या पेन्सिलीने ते रंगवले की ग्राफाइटमधून वीज वाहे आणि गुणक मोकळा होई. शाळेच्या दप्तरातल्या वस्तूने कंपनीचे कुलूप उघडावे, ही गोष्ट त्या वेळच्या मासिकांनी फार चवीने छापली. भारतात ‘चिप’ आणि २००१ पासून ‘डिजिट’ ही इंग्रजी मासिके सीडीसकट येत, आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर तासांच्या हिशेबाने मिळे त्या काळात चाचणीची साधने छोट्या गावांपर्यंत पोहोचवण्याचे काम या सीडींनी केले.

पेन्सिलीच्या युगाची दुसरी बाजू तितकी चवदार नाही. त्या पिढीच्या एएमडी चिपांना स्वतःचे तापमान पाहून थांबण्याची सोय नव्हती. २००१ मधल्या एका गाजलेल्या चाचणीत चालू यंत्रावरचा हीटसिंक काढून घेतला, तेव्हा पेंटियम फोरने वेग कमी करून तग धरला आणि अॅथलॉन काही क्षणांत धूर सोडत जळाला. उघड्या सिलिकॉनवर हीटसिंकची क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने दाबताना कोपरा तुटणे हेही नित्याचे. परभणीच्या उन्हात अशी चिप वाढीव व्होल्टेजवर चालवायची, तर पंखा बंद पडणे परवडण्यासारखे नव्हते. इथल्या हवेत काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाच्या हंगामात तंतू असतात. मानवत, सेलू आणि परभणी या कापसाच्या बाजारपेठा आहेत. हीटसिंकच्या पात्यांमध्ये ही धूळ आणि तंतू मिळून नमद्यासारखा थर बसतो आणि पंखा फिरत असूनही हवा आत शिरत नाही.

नंतर आले भारनियमन. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण स्थापन झाले, ते राज्यात विजेचा तुटवडा शिगेला पोहोचत असताना. वीजगळती आणि वसुली यांच्या प्रमाणात फीडरचे गट पाडले गेले, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच फीडरच्या वाट्याला लांब तासांचे गट आले. परभणीपासून जवळ असलेले परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. शीतकरणाला पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून कूलर नाही, असा तो उन्हाळा होता.

भारनियमनाने ओव्हरक्लॉकिंगच्या मुळावरच घाव घातला, कारण सुरक्षित ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रामुख्याने चाचणी. वेग वाढवून विंडोज सुरू झाले, याचा अर्थ चिप बिनचूक चालते असा होत नाही. प्राइम९५ हा मोठ्या अविभाज्य संख्या शोधणारा कार्यक्रम १९९६ पासून उपलब्ध आहे. त्याची ‘टॉर्चर टेस्ट’ प्रोसेसरला पूर्ण ताण देते आणि एकही गणित चुकले तर थांबते. ही चाचणी रात्रभर, शक्यतो २४ तास चालवण्याचा प्रघात होता. दिवसातून सहा-आठ तास वीज जाणाऱ्या गावात २४ तासांची चाचणी पूर्ण होणे शक्यच नव्हते. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. त्यावर सतरा इंची जुना मॉनिटर आणि ओव्हरक्लॉक केलेले यंत्र लावले तर मिळणारी मिनिटे खेळ जतन करण्यापुरतीच. त्यामुळे पुण्या-मुंबईत जो वेग ‘स्थिर’ ठरे, तो इथे अर्धवट तपासलेलाच राही.

विजेची प्रत हा आणखी वेगळा विषय. संध्याकाळी व्होल्टेज उतरते, वीज परत येताना झटका बसतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट असे लिहिलेले असे आणि त्याच्या निम्म्याच भाराला त्यातले कॅपॅसिटर फुगत. ओव्हरक्लॉकिंगच्या नावावर जमा झालेल्या कितीतरी मृत मदरबोर्डांचे खरे कारण एसएमपीएस होते, असे मानायला जागा आहे. अर्थिंगकडे तर बहुतेक घरांत कानाडोळाच होतो. एसएमपीएसच्या गाळणीतले कॅपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मे व्होल्टेज तरंगते आणि हात लावला की मुंग्या येतात. प्रवाह क्षीण असल्यामुळे माणूस वाचतो, पण अशा यंत्राची रॅम चालू स्थितीत हाताळणे किंवा एचडीएमआय केबल लावणे म्हणजे चिपशी जुगार. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा आणि उन्हाळ्यात त्यात ओतलेले पाणी हे घरगुती यंत्रासाठी महाग हीटसिंकपेक्षा अधिक मोलाचे ठरते. अॅक्टिव्ह पीएफसी असलेले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. त्यांनी उतरत्या व्होल्टेजचा प्रश्न बराच सोडवला, पण चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर त्यांतले काही कुरकुरतात.

दरम्यान चिपांच्या जगात एक मोठे वळण येऊन गेले होते. ट्रान्झिस्टर लहान होईल तसे व्होल्टेजही उतरावे आणि उष्णता आटोक्यात राहावी, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम २००५ च्या आसपास थकला. इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत सोडला आणि सगळा उद्योग एकाऐवजी अनेक गाभ्यांकडे (कोअर) वळला. भारतासाठी ही दिशा अपरिचित नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्येच वेगवान एका प्रोसेसरऐवजी अनेक ट्रान्सप्युटर एकत्र बांधून परम ८००० उभा केला होता. हौशी लोकांना मात्र या वळणाचा अनपेक्षित लाभ झाला. २००६ चे कोअर टू ड्युओ आणि २००७ ची पेंटियम ई-२१४० यांसारखी स्वस्त भावंडे इतक्या राखीव क्षमतेसह विकली गेली की १.६ गिगाहर्ट्झची चिप सहज अडीचच्या पुढे जाई. कमी उष्णता आणि मोठी झेप असा योग पुन्हा फारसा जुळला नाही. परभणीच्या उन्हाळ्यालाही मानवेल असे ओव्हरक्लॉकिंग खऱ्या अर्थाने याच काळातले.

जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिजने तो मार्ग बंद केला. बसचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झवर सगळ्या यंत्राला बांधला गेला. तो पाच-सात टक्क्यांपलीकडे हलवला की यूएसबी, डिस्क सगळेच डगमगे. गुणक मोकळा हवा असेल तर नावात ‘के’ असलेली महाग चिप आणि तिच्या जोडीला महाग मदरबोर्ड घ्यावा लागे. स्वस्त चिप घेऊन महागाची बरोबरी करणे हा या छंदाचा मूळ हेतू होता. आता वेग वाढवण्याचा परवानाच पैसे देऊन घ्यावा लागू लागला. २०१४ मध्ये इंटेलने पेंटियमच्या वीस वर्षांनिमित्त जी-३२५८ ही मोकळ्या गुणकाची स्वस्त चिप काढली, आणि २०१५ च्या अखेरीस काही मदरबोर्ड कंपन्यांनी ‘के’ नसलेल्या चिपाही बसवरून वाढवण्याची फट शोधली. काही आठवड्यांतच ती नव्या मायक्रोकोडने, म्हणजे चिपच्या अंतर्गत आज्ञावलीने, बुजवली गेली. आयबीएमच्या १९८५ च्या रॉमची ही पुढची आवृत्ती.

छोट्या गावात संगणकावर खेळणाऱ्याला दिलासा मिळाला तो मार्च २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझनने. सगळ्या चिपांचे गुणक मोकळे, आणि बी-३५० सारखा मध्यम बोर्डही पुरेसा. फक्त ए-३२० बोर्डावर मनाई. फेब्रुवारी २०१८ चा रायझन ३ २२००जी तर ग्राफिक्स कार्डाशिवाय खेळ चालवणारा निघाला. त्याच्या आतले व्हेगा ग्राफिक्स यंत्राचीच रॅम वापरते. त्यामुळे प्रोसेसरचा वेग वाढवण्यापेक्षा रॅमच्या दोन पट्ट्या लावून त्यांचा वेग २४०० वरून ३००० च्या आसपास नेल्याने खेळात जास्त फरक पडे, आणि उष्णता फारशी वाढत नसे. क्रिप्टो-मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांच्या किमती आकाशाला भिडलेल्या असताना हे घडले, हे लक्षात घेण्यासारखे. अर्थात त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर जिल्ह्यातली बहुसंख्य तरुण मंडळी मोबाइलवरच्या खेळांकडे वळली होती. घरी यंत्र जुळवणारे त्यातले थोडेच.

आता राखीव भाग चिप स्वतःच खाते. २००८ मधल्या टर्बो बूस्टपासून सुरू झालेली ही पद्धत एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत, सप्टेंबर २०२२ मध्ये, टोकाला पोहोचली. तिच्यातल्या वरच्या चिपा ताण आला की ९५ अंश हेच लक्ष्य धरून त्या मर्यादेत मिळेल तेवढा वेग काढतात. याचा परभणीपुरता अर्थ असा की उन्हाळा आता तापमानाच्या आकड्यात दिसत नाही, वेगात दिसतो. तेच यंत्र जानेवारीत खेळात सेकंदाला अधिक फ्रेम देते आणि मे महिन्यात कमी, दोन्ही वेळा आकडा मात्र ९५.

कारखान्याने केलेले ओव्हरक्लॉकिंग निर्धोक असते असेही नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही मदरबोर्डांनी एक्स्पो मेमरी प्रोफाइल चालू करताना एसओसी व्होल्टेज जास्त दिल्याने रायझन ७०००एक्स३डी चिपा सॉकेटसकट जळाल्या. एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःचीच झीज करत असल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला आणि कंपनीने हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेल्या चिपा मायक्रोकोडने बऱ्या होत नाहीत.

म्हणून आज या जिल्ह्यात सुरक्षितपणे वेग काढण्याची रीत जुन्या रीतीच्या उलट दिशेने जाते. व्होल्टेज चढवण्याऐवजी उतरवले जाते. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे पाच, उणे दहा अशा पायऱ्यांनी खाली जात प्रत्येक पायरीवर प्राइम९५ आणि मेमटेस्ट चालवायची. विंडोजच्या नोंदवहीत ‘व्हीया’ नावाची हार्डवेअर-चूक दिसली की एक पायरी मागे यायचे. चिप थंड राहिली की बूस्ट आपोआप वर जातो. ग्राफिक्स कार्डावर पॉवर लिमिट ऐंशी-नव्वद टक्क्यांवर आणली तर फ्रेम किंचित घटतात आणि उष्णता बरीच उतरते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, महत्त्वाच्या फाइली आधी दुसरीकडे ठेवायच्या, आणि रॅमची एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलदेखील कंपन्यांच्या हिशेबी ओव्हरक्लॉकिंगच असल्याने हमीच्या अटी वाचूनच ती चालू करायची.

पाण्याच्या कूलरसमोर कॅबिनेट उघडे ठेवण्याची सवय मात्र मोडावी लागते. हवा थंड मिळते हे खरे, पण ओलाव्याबरोबर येणारे क्षार आणि धूळ बोर्डावर बसतात आणि जोड गंजवतात. कूलर खोलीच्या एका टोकाला, यंत्र दुसऱ्या टोकाला, मधली खिडकी हवा बाहेर जाण्यापुरती उघडी, ही मांडणी त्यातल्या त्यात बरी. जाळ्या पंधरवड्याने झटकायच्या, थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलायची. चाचणी हिवाळ्यात घेतलेली असेल तर ती उन्हाळ्याला लागू पडत नाही, म्हणून अंतिम चाचणी मे महिन्याच्या दुपारीच घ्यावी लागते. बहुतेक बोर्डांच्या बायोसमध्ये एकापेक्षा जास्त प्रोफाइल जतन करता येतात. त्यांतली एक होळीनंतर, वीजमर्यादा ६५ वॅटवर आणणारी. दुसरी दिवाळीनंतर, मर्यादा मोकळी करणारी.